आरोनियन–आनंद, विक आन झी २०१३: मेरानच्या त्या डावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारच्या बुद्धिबळाच्या वर्गात हा डाव मी दरवर्षी एकदा तरी लावतो. प्रश्न दरवर्षी तेच येतात, थोडे मुलांचे, थोडे मागे बसलेल्या पालकांचे. दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावेत म्हणून हे पान.

हा डाव नेमका कोणता?

१५ जानेवारी २०१३. नेदरलँड्समधल्या विक आन झी या समुद्रकाठच्या गावात टाटा स्टील स्पर्धेची चौथी फेरी होती. पांढऱ्या मोहऱ्यांनी आर्मेनियाचा लेव्हॉन आरोनियन, काळ्या मोहऱ्यांनी विश्वनाथन आनंद. आनंद त्या वेळी जगज्जेता होता खरा, पण क्रमवारीत सातव्या जागी घसरला होता. त्याचं रेटिंग २७७२, आरोनियनचं २८०२ आणि जागा तिसरी. आनंदचे दिवस भरले अशी कुजबुज तेव्हा सर्रास कानावर यायची. आणि याच आनंदनं काळ्या मोहऱ्यांनी अवघ्या २३ चालींत आरोनियनला डाव सोडायला लावला.

टाटांचा आणि डच गावाचा काय संबंध?

पोलादाचा. या भागात होखओव्हन्स नावाचा मोठा पोलाद कारखाना होता. त्याच्या आश्रयानं १९३८ साली शेजारच्या बेव्हरवाइकला स्पर्धा सुरू झाली आणि १९६८ साली ती विक आन झीला आली. कारखान्याचे मालक बदलत गेले तसं स्पर्धेचं नावही बदललं. होखओव्हन्सचं कोरस झालं, २००७ साली टाटांनी कोरस विकत घेतली आणि २०११ पासून स्पर्धा टाटा स्टीलच्या नावानं भरते. म्हणजे मुंबईच्या बॉम्बे हाऊसशी, टाटांच्या मुख्यालयाशी, या गावाचं नातं आहे ते असं, कारखान्यामार्गे. तिथे वाटाण्याचं घट्ट सूप पाजायची जुनी प्रथा आहे. जानेवारीतल्या तिथल्या थंडीत ते उतरतही असेल घशाखाली.

आपल्याकडच्यांसाठी आणखी एक गोष्ट. याच स्पर्धेचा दुसरा गट, म्हणजे चॅलेंजर्स, २०१८ साली नाशिकच्या विदित गुजराथीनं जिंकला आणि २०२४ साली गोव्याच्या लिऑन ल्यूक मेंडोन्सानं. आनंदनं मुख्य गट पाच वेळा जिंकलाय.

पूर्ण डाव लिहून द्याल का?

देतो. घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. नुसतं घराचं नाव असेल तर चाल प्याद्याची. घराच्या नावातलं अक्षर उभी पट्टी सांगतं आणि आकडा आडवी ओळ. कंसातलं अक्षर म्हणजे मोहरा ज्या पट्टीवरून निघाला ती. आकड्यापुढे तीन टिंबं असतील तर चाल काळ्याची. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग, राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं. !! म्हणजे अफलातून चाल.

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ ई६ ५. ई३ घो(बी)-डी७ ६. उं-डी३ डी×सी४ ७. उं×सी४ बी५ ८. उं-डी३ उं-डी६ ९. ०-० ०-० १०. व-सी२ उं-बी७ ११. ए३ ह-सी८ १२. घो-जी५ सी५ १३. घो×एच७ घो-जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उं-सी५ १६. उं-ई२ घो(डी)-ई५ १७. उं×जी४ उं×डी४+ १८. रा-एच१ घो×जी४ १९. घो×एफ८ एफ५ २०. घो-जी६ व-एफ६ २१. एच३ व×जी६ २२. व-ई२ व-एच५ २३. व-डी३ उं-ई३, पांढऱ्यानं डाव सोडला.

मोबाइलवर अंगठ्यानं सरकवत बघू नका. पट मांडा. पुढचं सगळं त्याशिवाय हवेत राहील.

या ओपनिंगला काय म्हणतात?

ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची ठरलेली रचना. ही सेमी-स्लाव बचाव, आणि त्यातली मेरान शाखा.

क्वीन्स गॅम्बिटमध्ये पांढरा दुसऱ्या चालीला सी४ करून काळ्याच्या डी५ च्या प्याद्याला डिवचतो. काळ्यानं ते प्यादं सी६ नं धरलं तर स्लाव, ई६ नं धरलं तर ‘डिक्लाइन्ड’. दोन्ही प्यादी लावली की सेमी-स्लाव. एका घराला दोन टेकू. मधली फळी अशी भक्कम होते की सहजी फुटत नाही.

पण याची किंमत सी८ वरच्या उंटाला मोजावी लागते. ई६ झालं की त्याचा पुढचा कर्ण, म्हणजे तिरकी वाट, बंद. स्लाववाले म्हणूनच ई६ करण्याआधी तो बाहेर काढायला बघतात. सेमी-स्लाववाला त्याला घरात कोंडून ठेवतो आणि ‘तुझं नंतर बघू’ म्हणतो. मेरान म्हणजे ते नंतरचं बघणं. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हा उंट ठेवा, कारण सगळा डाव मला त्याचीच गोष्ट वाटतो.

मेरान हे नाव कुठून आलं?

उत्तर इटलीतल्या मेरानो गावावरून. १९२४ साली तिथल्या स्पर्धेत पोलंडच्या अकिबा रुबिनस्टाइननं ग्रुनफेल्डविरुद्ध ही पद्धत यशस्वीपणे वापरली आणि गावाचं नाव चिकटलं. १९८१ चा कारपोव्ह–कोर्चनॉय जगज्जेतेपदाचा सामनाही याच गावात झाला. रुबिनस्टाइनचं नाव खाली पुन्हा येणार आहे.

काळा आधी डी५ धरतो आणि सहाव्या चालीला स्वतःच सी४ वर मारतो. हे काय?

वेळेचा हिशेब. पांढऱ्याचा उंट एफ१ वर बसलेला असताना सी४ वर मारलं, तर तो एका चालीत येऊन प्यादं परत मारतो. त्यानं आधी डी३ वर यावं, मग मारावं, म्हणजे तेच घर गाठायला त्याला दोन चाली लागतात. मेरानमध्ये काळा त्या चालीची वाट बघत बसतो. उंट हलला रे हलला की डी×सी४, लगेच बी५, आणि उंट परत मागे. तोवर काळ्याला वजिराच्या बाजूला जागा मिळाली, बी७ मोकळं झालं. आता सी५ करून तो लांब कर्ण उघडला की कोंडलेला उंट थेट पांढऱ्या राजाच्या अंगणात बघायला लागतो.

पांढऱ्यालाही हे सगळं ठाऊक असतं. म्हणूनच बरेच जण सहाव्या चालीला उंट न हलवता वजीर सी२ वर आणतात आणि मेरान टाळतात. आमच्या वर्गातल्या एका पोरानं दिवाळीच्या सुट्टीभर मेरान घोटली, पहिल्याच स्पर्धेत समोरच्यानं ६. व-सी२ खेळली आणि हा दहा मिनिटं छताकडे बघत बसला.

आठव्या चालीला ए६ खेळतात ना? आनंदनं उंट डी६ वर का आणला?

ए६ ही जुनी वाट आहे, तिथून ९. ई४ सी५ १०. ई५ अशी सरळ हातघाई सुरू होते. उंट बी७ ही दुसरी आणि उंट डी६ ही तिसरी. डी६ वरचा उंट वरवर साधा वाटतो, नुसता घराबाहेर पडल्यासारखा. पण त्याचा कर्ण कुठे संपतो ते बघा: एच२. दहाव्या चालीला दुसरा उंट बी७ वर आला की दोन्ही उंट शेजारी-शेजारी उभे राहून तिरकं राजाच्या घराकडे बघतात. मधे काही प्यादी आणि घोडे आहेत म्हणून अजून कुणी घाबरत नाही.

१२. घो-जी५ ही चाल चुकीची होती का?

तसं म्हणायचं धाडस मी करणार नाही. आरोनियनचा वजीर सी२ वर, उंट डी३ वर, दोघांचा रोख एच७ वर. तिथे एफ६ च्या घोड्याची आणि राजाची राखण. आता त्यात पांढरा घोडाही सामील झाला. प्यादं पडणार हे दिसतंय. साधा खेळाडू इथे एच६ किंवा जी६ करून बचावाला लागला असता.

आनंदनं सी५ केलं. प्यादं घ्या, म्हणाला. डी६ आणि बी७ वरचे उंट आता दोघेही मोकळे. या क्षणानंतर डावाचा रंग बदलतो.

१३. घो×एच७ नंतर आनंदनं तो घोडा का मारला नाही?

मारला असता तर उंटानं एच७ वर शह देऊन मारामारी संपवली असती. हिशेबात एक प्यादं गेलं असतं आणि राजासमोरचं दारही उघडं पडलं असतं. शिवाय एफ६ चा घोडा, म्हणजे हल्ल्यातला मुख्य गडी, अदलाबदलीत खर्ची पडला असता.

त्याऐवजी तो घोडा जी४ वर गेला. एच७ वरचा पांढरा घोडा एफ८ च्या हत्तीवर टपून बसलाय, तरी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. इथे वर्गात हमखास कुणीतरी ओरडतं, “सर, हत्ती गेला!”

मग आरोनियननं लगेच हत्ती का मारला नाही? हातचं सोडून पळत्याच्या पाठी का?

कारण तो आरोनियन आहे. १४. घो×एफ८ केलं तर काळा उंट एच२ वर शह देतो, राजा एच१ वर जातो आणि काळा वजीर एच४ वर उतरतो. मग उंट जी३ वर सरकला की वजिराचा उघडा शह, राजा जी१ वर, आणि वजीर एच२ वर मात. जी४ चा घोडा त्या घराची राखण करायला उभाच आहे. पांढरा घोडा मात्र एफ८ वर हत्ती गिळून लांब कोपऱ्यात पडलेला, मदतीला येणार कुठून?

म्हणून त्यानं १४. एफ४ करून डी६–एच२ हा कर्ण बंद केला. १४. एच३ हा दुसरा पर्याय होता. तिथेही उंट एच२ वर शह देतो आणि वजीर एच४ वर येतो, मामला चांगलाच गुंततो.

१५...उं-सी५ म्हणजे उंट फुकट दिला की काय?

तसं दिसतं खरं. डी४ चं पांढरं प्यादं सी५ वरचा उंट सरळ मारू शकतं. शिवाय एफ८ चा हत्तीही अजून माऱ्यातच आहे. दोन-दोन मोहरे लटकत ठेवून माणूस चाल करतो आणि शांत बसतो.

प्यादं पुढे गेलं की डी पट्टी उघडते. काळा घोडा सी५ वर मारतो, डी३ च्या पांढऱ्या उंटावर घोडा आणि वजीर दोघांचा मारा येतो, आणि वजिराला डी४ वरून शह द्यायची वाट मोकळी होते. आरोनियनला ते रुचलं नाही. त्यानं उंट ई२ वर मागे घेतला आणि जी४ च्या घोड्याला विचारलं, आता काय करतोस?

आणि मग ती चाल?

हो, मग ती चाल. १६...घो(डी)-ई५.

पटावर बघा आणि थोडं थांबा. काळ्याचा हत्ती एफ८ वर घोड्याच्या तोंडात आहे. सी५ चा उंट डी४ च्या प्याद्याच्या तोंडात आहे. जी४ चा घोडा ई२ च्या उंटाच्या तोंडात आहे. आणि आता आनंद चौथा मोहरा, दुसरा घोडा, अशा घरात ठेवतो की डी४ आणि एफ४ ही दोन्ही प्यादी त्याला मारू शकतात. पहिल्यांदा बघताना मला वाटलं होतं की छापण्यात चूक झालीय.

चालीचं कारण घोडा कुठे गेला यात कमी आहे, कुठून उठला यात जास्त. डी७ वरचा घोडा काळ्या वजिराच्या वाटेत होता. तो बाजूला झाला आणि डी८ चा वजीर डी४ च्या प्याद्यापर्यंत सरळ पोचला.

पांढऱ्यानं १७. एफ×ई५ केलं असतं तर? १७...व×डी४+ १८. रा-एच१ व-जी१+!! वजीर थेट राजाच्या शेजारी. राजानं मारायचा म्हटलं तर सी५ चा उंट त्या घराची राखण करतोय, कारण एफ२ चं प्यादं आधीच एफ४ वर गेल्यानं आणि ई३ वरून डी४ वर आलेलं प्यादं वजिरानं मारल्यानं सी५ पासून जी१ पर्यंतचा कर्ण साफ झालाय. म्हणून हत्तीनंच मारायला हवं: १९. ह×जी१. आणि १९...घो-एफ२ मात. राजा स्वतःच्याच हत्तीनं आणि प्याद्यांनी कोपऱ्यात कोंडला गेला. पांढरा वजीर सी२ वरून एफ२ पर्यंत येऊ शकला असता, पण मधे ई२ वर त्याचाच उंट बसलाय. सोळाव्या चालीला बचावासाठी आणलेला उंट. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

शहाच्या मधे मोहरा घातला तरी सुटका नाही. १८. उं-ई३ ला व×ई३+ आणि पुन्हा तीच गत. १८. ह-एफ२ ला व×एफ२+, मग राजा एच१ वर आणि वजीर जी१ वर मात.

हत्ती शेवटी मारला की नाही?

मारला, एकोणिसाव्या चालीला. तोवर उशीर झाला होता. आधी आरोनियननं जी४ वर मारून एक घोडा संपवला, काळ्यानं डी४ वर शह देत प्यादं घेतलं, मग दुसऱ्या घोड्यानं जी४ ची जागा भरून काढली. तेव्हा कुठे पांढऱ्यानं एफ८ चा हत्ती उचलला.

१९...एफ५ सारखी संथ चाल हल्ल्याच्या मधोमध कशाला?

मला विचाराल तर डावातली दुसरी सर्वात सुंदर चाल हीच. सगळ्यांना वाटतं आता वजीर एच४. पण तसं केलं असतं तर पांढरा वजीर सी२ वरून एच७ वर शह देत उतरला असता आणि वजीर-वजीर मरून हल्ला विझला असता. एफ५ च्या प्याद्यानं तो कर्ण तोडला आणि जी४ च्या घोड्यालाही टेकू दिला. हत्ती खालावलेला असताना एक प्यादं दोन घरं सरकवायचं, तेही शह न देता, याला धीर लागतो. मुलांना मी हीच चाल शोधायला देतो. व-एफ६ सगळे शोधतात, एफ५ क्वचितच कुणी.

शेवटी पांढऱ्याकडे मोहरे जास्त असताना डाव का सोडला?

बरोबर पकडलंत. शेवटच्या स्थितीत प्यादी पाच-पाच आहेत आणि पांढऱ्याकडे एका उंटाच्या जागी हत्ती आहे. हिशेबाच्या वहीत तोच पुढे.

एकविसाव्या चालीला एच३ केल्यावर काळ्यानं जी६ चा घोडा मारला. जी४ चा घोडा पांढरा घेऊ शकला असता, पण २२. एच×जी४ ला व-एच६ मात आहे. म्हणून वजीर ई२ वर, आणि काळा वजीर एच५ वर. आता दोन प्यादी बघा. एच३ चं प्यादं जी४ वर मारू शकत नाही, कारण ते हललं की एच५ च्या वजिराचा आपल्याच राजाला शह. जी२ चं प्यादं एच३ वर मारू शकत नाही, कारण ते हललं की बी७ च्या उंटाचा शह. राजासमोरचे दोन्ही पहारेकरी जागच्या जागी बांधले गेलेत. काळा वजीर एच३ वर मारून मात देणार. डी४ चा उंट जी१ राखून आहेच.

२३. व-डी३ नं वजीर तिसऱ्या ओळीवरून एच३ वाचवतो आणि डी४ च्या उंटावरही नेम धरतो. आनंदनं तोच उंट ई३ वर नेऊन ओळ तोडली. उंटानं मारला तर व×एच३+, राजा जी१, वजीर जी२ वर मात. वजिरानं मारला तर घोडा वजीर मारतो. आरोनियननं हात पुढे केला.

बी७ च्या उंटानं सबंध डावात एकच चाल केली, दहावी.

हे सगळं आनंदनं घरी आधीच शोधून ठेवलं होतं म्हणे. मग त्यात त्याचं कौतुक काय?

हा प्रश्न बहुतेक वेळा मागच्या बाकावरून येतो, आणि त्यात थोडी कुरकुर असते. होय, तयारी होती. आनंदनं डावानंतर स्वतःच सांगितलं की ही कल्पना गेल्फांडविरुद्धच्या सामन्यासाठी तयार केलेली होती. तो जगज्जेतेपदाचा सामना मे २०१२ मध्ये मॉस्कोच्या ट्रेत्याकोव्ह कलादालनात झाला. बारा डावांनंतर ६–६ आणि मग जलद डावांत आनंद २.५–१.५ नं जिंकला. सेमी-स्लाव तिथे आलीही, पण दुसऱ्याच वाटेनं. पुरणाचा घाट घालून ठेवावा आणि पाहुण्यांनी उपास सांगावा, तसं झालं. तयारी पडून राहिली ती आठ महिन्यांनी कामाला आली.

कौतुक कसलं? एक तर अशा तयारीच्या शेकडो फांद्या असतात आणि त्यातली नेमकी कोणती, कधी आणि कोणत्या क्रमानं, हे घड्याळ चालू असताना आठवावं लागतं. घरच्या कागदावरची चाल पटावर ठेवताना हत्ती खरोखरच जात असतो. दुसरं म्हणजे तयारीसुद्धा त्याचीच आणि त्याच्या सहकाऱ्यांची. मैफलीत गायलेली बंदिश गवयानं घरी घोटलेली होती म्हणून कुणी दाद परत घेत नाही.

मेरानची तयारी त्याला यापूर्वीही फळली होती. २००८ साली बॉनला क्रामनिकविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात तिसरा आणि पाचवा, असे दोन डाव त्यानं काळ्या मोहऱ्यांनी मेरान खेळून जिंकले. तिथे ८...ए६ च्या हातघाईच्या फांदीत त्याची नवी चाल होती चौदावी. कोणती? उं-बी७!

या डावाची तुलना नेहमी रुबिनस्टाइनच्या डावाशी का करतात?

कारण साम्य डोळ्यांत भरतं. १९०७ साली लोड्झ शहरात रोटलेवी–रुबिनस्टाइन असा डाव झाला. लोड्झ आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. ओपनिंग वेगळी होती, ताराश बचाव. पण अकराव्या ते तेराव्या चालींकडे बघा: डी×सी४, उं×सी४, बी५, उं-डी३. तीच मांडणी. मग काळा उंट बी७ वर. दुसरा उंट फिरून बी६ वरून शह देतो, पांढरा राजा एच१ वर, काळा घोडा जी४ वर. पांढऱ्यानं तिथेही एफ४ केलेलं आहे.

त्यानंतर रुबिनस्टाइन जे करतो ते आनंदच्या डावापेक्षाही धडाक्याचं आहे. वजीर एच४ वर माऱ्यात ठेवून त्यानं हत्तीनं सी३ वरचा घोडा मारला. पांढऱ्यानं वजीर घेतला. २३...ह-डी२, दुसरा हत्तीही देऊ केला. २४. व×डी२ उं×ई४+ २५. व-जी२ ह-एच३ आणि पांढऱ्यानं डाव सोडला. ई४ वरचा घाव कुणाचा? बी७ वरून निघालेल्या उंटाचाच.

ज्या माणसानं १९०७ साली हा उंट असा वापरला, त्याच माणसानं १९२४ साली मेरानोत त्या उंटासाठी ओपनिंगच बांधली. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. आनंदलाही पटावर बसल्या-बसल्या ती जुनी आठवण झाली असणारच. साम्य त्यानं नंतर बोलूनही दाखवलं. रुबिनस्टाइनच्या वाट्याला जगज्जेतेपदाचा सामना कधी आला नाही. तेव्हाचा जगज्जेता लास्कर याच्याशी १९१४ साली ठरत होता, तोवर महायुद्ध पेटलं.

त्या वर्षीची स्पर्धा आनंदनं जिंकली का?

नाही. मॅग्नस कार्लसननं १३ पैकी १० गुण घेऊन जिंकली आणि १९९९ च्या कास्पारोव्हच्या गुणांशी बरोबरी केली. आरोनियन ८.५ गुणांसह दुसरा आला. म्हणजे हा दणका खाऊनही तो आनंदच्या पुढेच राहिला. आनंद शेवटच्या फेरीत वांग हाओकडून हरला आणि ८ गुणांवर थांबला. त्याच वर्षी नोव्हेंबरात चेन्नईत कार्लसननं त्याचं जगज्जेतेपद घेतलं. पण डाव आठवतो तो हाच.

आजचं इंजिन या डावाबद्दल काय म्हणतं?

फोनवरचं इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्राम, घो(डी)-ई५ चटकन दाखवतं, आणि मुलं म्हणतात, “सोपी तर आहे.” फोन खाली ठेवायला सांगा आणि १७. उं×जी४ नंतरचं विचारा.

माझ्या मुलीनं मेरान शिकावी का?

वय आणि रेटिंग न बघता उत्तर देणं अवघड आहे, तरी माझं मत सांगतो. मुलगी अजून घोड्याच्या दुहेरी माऱ्यात मोहरे गमावत असेल तर थांबा. साधा क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड खेळू द्या, त्यात चुका पचतात. मेरानमध्ये चूक पचत नाही. चालींची साखळी पाठ करून घेऊ नका. ‘आता सी५ का करायचं?’ या प्रश्नाला तिनं स्वतःच्या शब्दांत उत्तर दिलं की समजा पायाभरणी झाली. आणि ६. व-सी२ ला काय करायचं हे पहिल्या स्पर्धेच्या आधी शिकवा, नंतर नाही. छताचा अनुभव वर सांगितलाच.

शिकवणी लावणाऱ्यांना एक सूचना. ‘महिन्यात संपूर्ण सेमी-स्लाव’ असं सांगणाऱ्या वर्गाला मी एकदा पैसे भरून बसलोय. चौथ्या तासाला शिक्षक बोटविनिक शाखेत शिरले आणि बाहेर आलेच नाहीत. ५. उं-जी५ नंतर सुरू होणारं ते वेगळंच जंगल आहे. मेरान म्हणजे ५. ई३ ची बाजू, तेवढीच आधी धरा.

इंग्रजीत बिशप, मग आपल्याकडे उंट कसा? स्पर्धेत कोणता शब्द चालतो?

आपल्या खेळात तिरका चालतो तो उंट, कोपऱ्यात उभा तो हत्ती, राजाशेजारी वजीर. घरी हेच शब्द वापरा, काही बिघडत नाही. स्पर्धेत कुणी शब्द विचारत नाही, चाली लिहिण्याचा कागद मात्र नीट भरावा लागतो. त्यावर बहुतेक मुलं रोमन अक्षरंच वापरतात.

हा डाव स्वतः अभ्यासायचा असेल तर कसा?

बाराव्या चालीपर्यंत सरळ खेळा, मग पुढच्या चाली कागदानं झाका. पाच ठिकाणी थांबा: १२...सी५, १३...घो-जी४, १५...उं-सी५, १६...घो-ई५, १९...एफ५. प्रत्येक ठिकाणी निदान पाच मिनिटं. काळ्याची चाल ओळखता आली नाही तरी चालेल, पण पांढऱ्यानं समोरचा मोहरा मारला तर काय, हे वहीत लिहा. मग रोटलेवीचा डाव शेजारच्या पटावर लावा, वीस चालींपर्यंत. घरी दुसरा पट नसेल तर शेजाऱ्यांकडून आणा. दोन्ही पट एकमेकांना लावून ठेवलेत की मुलांना काही सांगावं लागत नाही, ती स्वतःच बोट बी७ वर ठेवतात.